दोन खुर्च्यांमधलं माप

निशाचा फोन आला तेव्हा मी खालच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. निशा म्हणजे शालूताईची मुलगी. तिची मराठी आईइतकी चालत नाही, आणि त्या दिवशी तर चाललीच नाही. "मावशी, आई चली गई… म्हणजे, गेली आई," ती म्हणाली. "सकाळपासून श्वासच घेता येत नव्हता तिला." मी म्हटलं, "पण मंगळवारी तर आम्ही बोललो!" जसं काही मंगळवारी बोललेल्या माणसाला त्याच आठवड्यात जायची परवानगी नसते. जुडी तशीच हातात घेऊन मी जिना चढले आणि बॅग भरायला लागले. पुण्याहून जबलपूर गाठायला जवळजवळ एक दिवस लागतो. पोचले तेव्हा नर्मदेवर, ग्वारीघाटावरचं सगळं क्रियाकर्म आटोपलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमची ओळख ऑफिसातली. जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये एका जुन्या बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये एका आर्किटेक्टसाहेबांचं ऑफिस होतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी तिथे लागले तेव्हा शालूताई आधीपासूनच खिडकीजवळच्या ड्रॉइंग बोर्डाशी बसत होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, माहेर वर्ध्याकडचं, यजमान खमरियाच्या सरकारी फॅक्टरीत, राहायला तिथलंच क्वार्टर. रोज बस बदलून यायची आणि तरी माझ्या आधी हजर असायची. मी कमानिया गेटच्या मागे राहायचे आणि रोज उशिरा. आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि परत जायचं विसरलं, असं माझे वडील म्हणायचे. शालूताईला त्याची फार गंमत वाटायची. "म्हणून तुले घड्याळ कळत नाही मंदे," ती म्हणायची. "तुमच्या खानदानातच उशीर आहे."

तेव्हा सगळं काम ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनानं. भिंती, दारं, खिडक्या आम्ही कुणीही काढायचो, पण मापं टाकायचं काम साहेब शालूताईलाच द्यायचे. प्लॅनमध्ये भिंतीच्या बाहेर जी बारीक रेषा असते, दोन्ही टोकांना तिरपी खूण आणि वर आकडा, ती डायमेन्शनची रेषा. बघणाऱ्याचं तिच्याकडे लक्षही जात नाही, आणि बांधणाऱ्याचं सगळं काम तिच्यावरच चालतं. शालूताईची रेषा भिंतीला कधी टेकायची नाही. मध्ये जरा जागा सोडायची, दर वेळी तेवढीच. मी विचारलं, एवढं काय त्यात? तर म्हणाली, "चिकटवली तर मिस्त्रीले समजत नाही भिंत कोणती नि माप कोणतं. थोडं दूर राहूनच नीट मोजता येते."

तिच्या हाताखाली मी पहिल्याच वर्षी एक पराक्रम केला. साइटवरून मिस्त्रीचा फोन आला, खिडकीचं माप विचारायला. तिथला आकडा माझ्या प्रिंटवर पुसट झाला होता, म्हणून मी पट्टी लावली, चित्रावर मोजलं आणि दिलं सांगून. ती खिडकी आधीच बदललेली होती. आकडा दुरुस्त झाला होता, चित्र तसंच राहिलं होतं. ग्रिल आली ती चार इंच लहान. साहेब संतापून बाहेर आले, "किसने बताया?" शालूताईनं मान वर न करता सांगितलं, "मैंने, सर." साहेब तसेच परत वळले, कारण तिच्यावर ओरडायची त्यांना सवय नव्हती. ते आत गेल्यावर मात्र तिनं मला बोर्डासमोर उभं केलं. "काहून गं, चित्र पाहून राहिली होती का? चित्र खोटं बोलू शकते. कागद आकसते, हात हलते. माप वाचायचं, मंदे. चित्र पाहू नको, माप वाच." पुढची बारा वर्षं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. म्हणून दाखवणं वेगळं, हे मला आता कळतंय.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. शालूताई त्याला 'डब्बा' म्हणायची. आठवडाभर तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि मी, नवं काही आलं की आधी हात घालणारी, दोन महिन्यांचा कोर्स करून ऐटीत बसले. एक दिवस मी तिला ओढून खुर्चीवर बसवलं. "हे बघ, भिंतीचं हे टोक दाखव. आता ते टोक. आता रेषा कुठे ठेवायची तिथे तिसरी क्लिक." तिनं केलं. रेषा आली, खुणा आल्या, वर आकडा आपोआप उमटला. मग मी भिंत धरून दोन फूट सरकवली, तसा आकडाही बदलला. शालूताई तोंडाला पदर लावून हसायला लागली… लहान मुलीला कुणी नाण्याची जादू दाखवावी तशी. "अच्छा! म्हणजे माणूस सरकला का मापाले आपोआप कळते!" त्या दिवसापासून डब्बा तिचा झाला. त्यात एक पळवाटही होती: भिंत न हलवता आकडा खोडून वर दुसरा टाइप करता यायचा. घाईत सगळेच करायचे, मीही केलं. तिनं जन्मात केलं नाही. बारा इंच लिहायचे तर आधी भिंत बारा इंचावर आणायची, हा तिचा धर्म.

आणि याच डब्ब्यात आम्ही आमचं घर काढलं. जेवणाच्या सुट्टीत, एकाच डब्यातली भाकरी खात. क्वार्टर एक दिवस सोडावं लागणार ही तिची काळजी, आणि मी एकटी, आईनंतर कोण, ही माझी. तीस बाय पन्नासचा प्लॉट धरला. कुठला, ते विचारायचं नाही. ग्वारीघाटच्या रस्त्याला बघू, असं आपलं म्हणायचो. एका प्लॉटवर दोन छोटी घरं, मध्ये एक भिंत, पुढे दोघींचा मिळून एक व्हरांडा. व्हरांड्यात दोन खुर्च्या मी काढल्या. खुर्च्यांमध्ये कुणी माप टाकत नाही, पण शालूताईनं टाकलं. "चार फूट," ती म्हणाली. "चहा सांडणार नाही नि बोंबलावंही लागणार नाही." त्या चार फुटांवर आम्ही हसलो होतो, आणि कमानिया गेटवरून आणलेल्या खव्याच्या जिलबीचा पाक कीबोर्डवर सांडला होता.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, निवृत्तीच्या आधीच गेले. क्वार्टर सुटलं, निशाला घेऊन शालूताई भाड्याच्या दोन खोल्यांत आली. पुढे साहेब थकले, ऑफिस बंद झालं, माझी आई गेली आणि मला पुण्यात नोकरी लागली. स्टेशनवर शालूताई म्हणाली, "जाऊन ये. रिटायर झाली की ये वापस. तोपर्यंत घर मी सांभाळते." मी म्हटलं, "नक्की येते." खरंच येणार होते. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग फ्लॅटचं काही निघालं, मग उन्हाळा, मग पुढच्या दिवाळीला… कारणांना काय तोटा असतो?

शालूताईनं मात्र घर सांभाळलं. ती घरी बसून लोकांची ड्रॉइंगं करून द्यायची, आणि अधूनमधून आमचं घर उघडायची. दर दिवाळीला त्याचा नवा प्रिंट मला पोस्टानं यायचा, पुढे मोबाइलवर पीडीएफ. मी ते उघडायचे, बोटांनी जरा मोठं करायचे, तीच दोन घरं, तोच व्हरांडा, त्याच दोन चौकोनी खुर्च्या. मी लिहायचे, "मस्त! चकल्या केल्यास का?" गेल्या दिवाळीलाही हेच लिहिलं.

फोन दर मंगळवारी. गेलं वर्षभर तिचा आवाज बारीक येत होता. "शालूताई, ऐकू येत नाहीये गं, नेटवर्क खराब आहे तुझ्याकडे." "हो ना," ती म्हणायची, "गल्लीत नेटवर्कच नाही. तूच बोल, मी ऐकून राहिली." आणि मी बोलायचे. मला बोलायला कधी कमी पडलं नाही. गुडघे, शेजारीण, मेथी, सगळं सांगायचे आणि मन हलकं करून फोन ठेवायचे.

तेराव्यानंतर निशानं मला आईच्या खोलीत बसवलं आणि एक मोठी गुंडाळी समोर ठेवली. सगळ्या वर्षांचे प्रिंट, एकावर एक. "ये आपका है, मावशी. आई म्हणायची, मंदाला दे." मी सवयीनं पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, वरवर सगळे सारखेच. आणि मग, इतक्या वर्षांनी, मी मापं वाचली. माझ्या घराच्या पायऱ्या सात इंची होत्या. ज्या वर्षी मी फोनवर गुडघ्यांचं रडगाणं सुरू केलं, त्या वर्षी त्या पाच इंची झाल्या होत्या. माझ्या पलंगापासून बाथरूमचं दार बावीस फुटांवर होतं, ते ऑपरेशनच्या वर्षी नऊ फुटांवर आलं होतं. मी जे जे कण्हले होते ते ते तिनं मोजून घेतलं होतं. मी पुण्यात बसून सबबी शोधत होते, आणि तिकडे माझं घर माझ्यासाठी सरकत होतं…

शेवटचा कागद गेल्या दिवाळीचा. त्यात पहिल्यांदाच तिच्या बाजूची मापं बदलली होती. तिच्या खोलीचं दार पावणेतीन फुटांचं होतं, ते साडेतीन फूट. पलंगाच्या एका अंगाला पाच फूट मोकळी जागा. आम्ही दोघींनी मिळून दोन नर्सिंग होमचे नकाशे केले होते. साडेतीन फुटांचं दार कशासाठी ठेवतात आणि पाच फुटांत काय वळतं, हे मला कुणी सांगायला नको. "निशा," मी विचारलं, "व्हीलचेअर कधी आली?" "यंदा होळीनंतर," ती म्हणाली. "पण डॉक्टरांनी मागच्याच पावसाळ्यात सांगून ठेवलं होतं. फेफडे… म्हणजे फुप्फुसं, दोन्ही. आई म्हणाली, मंदाला मी सांगते. तिनं नाही सांगितलं का?" सांगितलं होतं. आमच्या दोघींच्या भाषेत, स्वच्छ आकड्यांत, दिवाळीच्या मुहूर्तावर सांगितलं होतं. मी चित्र पाहिलं आणि चकल्यांचं विचारलं. मला तिथे रडू आलं ते तिच्या जाण्याचं होतं की माझ्या 'मस्त!'चं, मी सांगू शकत नाही. ती दिवाळी मला परत हवी आहे. मी पहिल्या गाडीनं गेले असते, आणि तिला ते ठाऊक होतं. हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. माप टाकून ठेवायचं, वाचणारा वाचेल.

कागद गुंडाळायला घेतला तेव्हा व्हरांडा दिसला. खुर्च्यांमधली रेषा आखूड झाली होती, चार फुटांचे अडीच फूट. मला वाटलं, जागा कमी पडली असेल. पण व्हरांडा तेवढाच होता. मी निशाला दाखवलं. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. "ये तो… मावशी, दिवाळीच्या आधी आईनं मला एक दिवस गॅलरीत समोर बसवलं होतं. हातात टेप. ती काहीतरी बोलायची नि विचारायची, ऐकू येऊन राहिलं का? मी म्हणायची, नाही. मग म्हणायची, खुर्ची सरकव. असं चार-पाच वेळा. मग एका जागी मला नीट ऐकू आलं, तर तिनं टेप लावली नि लिहून घेतलं. मला वाटलं, टाइमपास करून राहिली."

तिची टेप निशानं मला दिली. पिवळी, पंधरा फुटी, पहिला इंच झिजून पुसला गेलेला, म्हणून ती नेहमी दुसऱ्या इंचापासून मोजायची. पुण्याला आल्यावर मी गॅलरीतल्या दोन्ही वेताच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या, गुडघे सांभाळत खाली वाकले आणि टेप लावली, अडीच फूट. मलाही दुसऱ्या इंचापासूनच मोजावं लागलं. बाई झाडायला येते तेव्हा तिला सांगून ठेवलंय, खुर्च्या हलवू नकोस. मंगळवारी संध्याकाळी मी तिथे चहा घेऊन बसते. मी काही बोलत नाही आता. शालूताईचा आवाज जिथपर्यंत पोचत होता, तिथे बसते.