नवऱ्याच्या वहीतली बासरी

शिंपीणबाईंचा नवरा वाद्यवृंदात चेलो वाजवायचा आणि घरी मिठाची गुळणी धरून बसायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली. नऊ दिवस जगली. दहाव्या दिवशी हा गडी चेलो उचलून तालमीला गेला, डोळ्यांत टिपूस नाही. तीस वर्षं ते बाईंच्या मनात सलत राहिलं. दगडाशी संसार केला, असं त्या धाकट्या बहिणीला उठता-बसता ऐकवायच्या.

नवरा वारल्यावर महिन्याभरानं वाद्यवृंदाचे संचालक एक वही घेऊन दुकानात आले. तालमीच्या खोलीतल्या त्याच्या कपाटात सापडली, म्हणाले. आत एक अख्खी रचना होती. गाणं नाही, नुसती वाद्यं, आणि वर लिहिलेलं 'आमची खोली'. वाजवू का, म्हणून विचारायला आले होते. बाईंनी काज करता करताच होकार दिला. तालमीला त्यांना बहिणीनंच ओढून नेलं.

व्हायोलिनं धावू लागली, अडखळली, पुन्हा धावली. बाई चपापल्या. हे त्यांचं मशीन, आणि मधेच तुटणारा दोरा! मग जिना चढणारी त्यांची पावलं, डावा पाय जरासा ओढत. म्हणजे कान होते तर याला, असं वाटून त्यांना हसू फुटलं.

तेवढ्यात बासरी आली. दोन आखूड श्वास, एक लांब, शेवटी बारीकशी उचकी.

बाई पुढे वाकल्या. पोरीचा श्वास! नवरा तर पाळण्याकडे फिरकतही नव्हता. आपला डोळा लागल्यावर तिथे बसत असणार, हे त्यांना आत्ता कळत होतं.

बासरी मधेच तुटली. सगळी वाद्यं गप्प. बहिणीला वाटलं, संपलं. ती उठू लागली, तर बाईंनी तिचं मनगट गच्च धरलं. बऱ्याच वेळानं एकटा चेलो खालच्या सुरात तोच श्वास घेऊ लागला, उचकीसकट.

नंतर संचालक जवळ आले. "मधली शांतता फार लांबते. थोडी कापू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "तिथे आमची मुलगी गेलीय."

संचालक शेजारच्या खुर्चीवर बसले. बहिणीनं बाईंच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. "मी यांना दगड म्हणत होते गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मग त्या उठल्या, बासरी वाजवणाऱ्या मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तेवढाच तुकडा परत वाजवशील का, असं तिला विचारलं.