बाबांच्या शेजारची खुर्ची

घरातली लहानथोर सगळी तिला कंट्रोलरबाई म्हणत. बस डेपोत कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणाला सकाळपाळी, कोणाला रात्रपाळी, हे लावण्यात तिची अख्खी नोकरी सरली. कोणाचं पोट खरंच दुखतंय आणि कोणाला साडूकडे जेवायला जायचंय, हे ती फोनवरच्या नुसत्या हॅलोवरून ओळखायची. निवृत्त झाली तरी नाव काही सुटलं नाही. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे कोणीही उठावं आणि तिला कामाला जुंपावं, असा घरचा कारभार.

बाबांना ऐंशी पूर्ण झाली आणि दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, सगळं खटलं क्रूझवर न्यायचं ठरवलं. जेवायला कोण कुठे बसणार हे काम अर्थात कंट्रोलरबाईंच्या गळ्यात. बोटीवरची पद्धत अशी, की डायनिंग हॉलमध्ये आठ-आठ जणांची टेबलं, आणि पहिल्या संध्याकाळी मिळेल ते टेबल सफर संपेपर्यंत तुमचं. यांना तीन मिळाली. तिच्या डोक्यात एकच होतं. बाबा मधल्या टेबलावर, सगळ्यांच्या सोबत जेवले पाहिजेत. बाबांचे हात थरथरायचे, घास तोंडापर्यंत जायच्या आत अर्धा सांडायचा, कवळी वाजायची. दादाच्या घरी 'पाहुणे आहेत, आजच्या दिवस' म्हणून एकदा त्यांचं ताट त्यांच्या खोलीत गेलं, आणि मग तिथेच जात राहिलं.

बोटीत चढताना काय थाट! बाबांचा हसरा फोटो छापलेले टी-शर्ट प्रत्येकाच्या अंगात. धाकट्या भावाने तर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगितलं, "आमचे वडील. आमचं दैवत." आणि सामान खोलीत टाकून होत नाही तोच दैवताच्या शेजारी न बसण्यासाठी रांग लागली.

पहिली आली वहिनी. लिफ्टपाशी गाठून म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते हं, मला त्यांच्या बाजूला घास उतरत नाही. ओकारी येते. आणि इथे ताट खोलीत मागवता येतं म्हणे." कंट्रोलरबाईचं लक्ष तिच्या टी-शर्टकडे गेलं. त्यावरच्या सासऱ्यांच्या फोटोवर वहिनीने गळ्यातली मोत्यांची माळ सारखी करून घेतली होती. मग धाकटा आला. त्याला व्हिडिओ काढायचा होता, म्हणून समोरची खुर्ची हवी. पुतण्याची बायको म्हणाली, आजोबांना खाताना पाहिलं की मूल जेवत नाही. भाचीचा नवरा म्हणाला, "मी पडलो जावई. मानाची जागा मुलांची."

शी. डेपोतले ड्रायव्हर परवडले, तिला वाटलं. ते खोटं बोलायचे, पण निदान लाजत तरी. ह्यांना त्याचंही काही नाही. बापाच्या नावाने केक कापायचा, फोटोत त्याच्या खांद्यावर हात टाकायचा, आणि त्याच्या ताटातलं शीत आपल्या बाहीला लागलं की अंग चोरायचं. तिला त्या सगळ्यांचीच शिसारी आली.

आणि इथेच तिची जन्माची सवय नडली. एकाला बसवलं तर भांडण होणार, पाळी लावली तर कोणी तोंड उघडू शकत नाही, हा तिचा नेहमीचा हिशेब. तिने पाळी लावली. रोज संध्याकाळी बाबांच्या शेजारी एक जण. स्वतःची तिने शेवटच्या संध्याकाळी ठेवली, आधी बाकीच्यांना वळण लागू दे म्हणून. सगळे कुरकुरत तयार झाले. बाबा मधल्या टेबलावर बसले आणि तिला वाटलं, आपण जिंकलो.

जिंकणं कसलं. पाळीवाला यायचा, खुर्ची टीचभर लांब सरकवायचा, बाबांच्या गळ्याशी नॅपकिन अडकवायचा आणि मान फिरवून पलीकडे गप्पा मारत बसायचा. वहिनी तर सूप पिऊन उठलीच. तिसऱ्या संध्याकाळी पुतण्या उशिरा आला म्हणून जावईबापूंना बसायला सांगितलं, तर ते बाबांच्या डोक्यावरून म्हणाले, "काल मीच केलं की. रोज मीच का?" बाबांना ऐकू येत नाही असं घरात ठरलेलं होतं. बाबा पाव कुस्करत राहिले. कंट्रोलरबाईने जावयाला खाली बसवलं आणि विषय मिटवला.

शेवटच्या संध्याकाळी ती केसबिस नीट करून, ठेवणीतली साडी नेसून हॉलमध्ये आली. आज तिची पाळी. बाबांची खुर्ची रिकामी होती. दादा घड्याळ बघत होता, फोटोवाला ताटकळला होता. "म्हातारा गेला कुठे?" वहिनी म्हणाली.

म्हातारा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होता. खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर, डेकवर ओळख झालेल्या एका गॅरेजवाल्या नवराबायकोच्या मध्ये. गॅरेजवाल्याची बायको पावाचे तुकडे त्यांच्या सूपमध्ये टाकून देत होती. बाबा हातवारे करून काही सांगत होते, चमचा हिंदकळत होता, सूप त्या बाईच्या बाहीवर उडत होतं, आणि ती पुसायचं सोडून हसत होती.

"घेऊन ये त्यांना," दादा दात आवळून म्हणाला. "परक्यांसमोर शोभा नको."

कंट्रोलरबाई टेबलांमधून वाट काढत तिथे गेली. "बाबा, चला ना. सगळे थांबलेत."

बाबांनी वर बघितलं. अंगावर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "आज कोणाची पाळी?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"माझी, बाबा."

"तुझीसुद्धा होती होय?" बाबा म्हणाले. त्यांनी चमचा उचलला. "जा पोरी. तुला सुट्टी."

गॅरेजवाल्याची बायको अवघडून उठायला लागली, "या, बसा ना," म्हणाली. बाबांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि राहिलेली गोष्ट पुढे सांगायला लागले. कंट्रोलरबाई परत आपल्या टेबलाशी आली. तिथे सगळे तिची वाट बघत होते, आणि त्यांच्यातच, बरोबर मध्ये, तिची खुर्ची होती.