भावाच्या कार्डावर

आरोग्य पाहणीचे फॉर्म दवाखान्याच्या नोंदींशी जुळवण्यात काकूंची बावीस वर्षं गेली. या खेपेला एकेचाळीस फॉर्म जुळेनात.

साहेब म्हणाले, "वगळा ते. नाहीतर बाकीच्यांची सरासरी भरा."

"हे सगळे दगडखाणीतले आहेत, साहेब. स्वतःचं कामगार कार्ड नाही, म्हणून भावाच्या कार्डावर राबले, त्याच्याच नावावर औषध घेतलं. सरासरी भरली तर कागदावर धडधाकट होतील."

"कशावरून?"

काकूंनी वरचा फॉर्म पुढे सरकवला. तो त्यांच्या नवऱ्याचा होता. गेल्या महिन्यात तो खोकून खोकून गेला. दवाखान्याच्या वहीत मात्र दीर मेले होते, आणि ते तर घरी जेवत होते.

साहेबांनी चष्मा पुसला. "तरीही सरासरीच भरा, काकू. वरून तसंच सांगितलंय."

काकूंनी एकेचाळीस रकान्यांत 'माहिती नाही' असं लिहिलं.