आमच्या राबाचा धूर

माझी थोरली बहीण हरसूलजवळ आमच्या गावी शेती करते आणि मी नाशकात शाळेत शिकवतो. उन्हाळ्यात ती राब भाजते. म्हणजे शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तण जळतं, जमीन भुसभुशीत होते आणि त्या राखेत पेरलेलं नागलीचं, भाताचं रोप असं तरारून येतं की बघत राहावं. मग आवणीला तेच रोप उपटून शेतभर लावायचं. आमच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. धूर होतो, नाही कसं म्हणू? सकाळभर होतो आणि विरून जातो.

माझ्या गच्चीवरून दिसणारा धूर मात्र बारा महिने असतो. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीच्या चिमणीचा. दोरीवरचे कपडे आम्ही झटकूनच आत घेतो.

गेल्या वर्षी याच कंपनीने पुढाकार घेऊन जिल्ह्याच्या हवामान धोरणावर बैठक भरवली. कंपनी यजमान आणि सरकारी साहेब पाहुणे! मला डोंगराळ भागातला माणूस म्हणून बोलावलं होतं. महामार्गावरचं हॉटेल, आत इतका गारठा की वाढत्या तापमानावरचं भाषण मी हात काखेत घालून ऐकलं. मसुदा कंपनीच्याच सल्लागारांनी लिहून आणला होता. त्यात कारखान्यांनी धूर कमी करणं ऐच्छिक होतं आणि डोंगरातल्या गावांनी राब बंद करणं सक्तीचं. राबाच्या बदल्यात कंपनी रोपांसाठी प्लॅस्टिकचे ट्रे देणार, आणि गावांनी वाचवलेल्या धुराचं श्रेय कंपनीच्या खात्यावर जाणार.

माझं डोकंच फिरलं. माइक मागून घेतला आणि म्हणालो, "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. आधी चिमणीचं बोला." साहेबांनी मान डोलावली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, फारच छान मुद्दा." फोटोवाल्याने पुढे येऊन माझा फोटो काढला आणि जेवणाची सुट्टी झाली. पालथ्या घड्यावर पाणी. मसुद्यातला एक शब्द हलला नाही.

संध्याकाळी ताईला फोनवर सगळं सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही, हेही सांगितलं. तिच्या लक्षात एवढंच राहिलं, की भाऊ बोलला.

यंदा उन्हाळ्यात कंपनीची माणसं गावात गेली. ग्रामसभेत त्यांनी भला मोठा फ्लेक्स लावला, 'स्थानिकांच्या सहभागातून धूरमुक्त डोंगर'. त्यावर मी, हातात माइक घेतलेला. बायका राब सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा ताई उठली. "माझा भाऊ हाय ना तिथं," ती म्हणाली. "तो बोललाय. त्यानं काय वंगाळ होऊ दिलं नसंल." तिच्या शब्दावर सगळ्यांनी राब सोडले.

पाऊस लांबला. ट्रेला रोज पाणी लागतं आणि विहीर पार उताराच्या तळाशी. बायकांनी हंडे वाहून वाहून जेवढं जमलं तेवढं केलं. मी गेलो तेव्हा करपलेल्या रोपांचे ट्रे पडवीत एकावर एक रचून ठेवले होते. शेतात नुसतं तण. वाडीत कुणाचीच आवणी झाली नव्हती, आणि शेजारणी ताईशी बोलत नव्हत्या. वर्षभराची नागली आता विकत आणायची होती. मला रडू आलं आणि रागही आला, पण राग काढायचा तरी कुणावर? फ्लेक्सवर तर मीच होतो.

"ताई, मी विरोधात बोलत होतो गं. तो फोटो तेव्हाचाच आहे."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"पुढच्या बैठकीचं बोलावणं आलंय. या वेळी मी सोडत नाही त्यांना."

ताईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

"नको जाऊ, भाऊ," ती म्हणाली. "तू तिथं बसलास का आमाला वाटतं, आपलं कुणीतरी हाय. त्यापरीस कुणीच नाय, हे ठावं असलेलं बरं."