मारुतीच्या धन्याचं नाव

"उखाणा घ्या की, आक्का!"

धाकटे सरकार खुर्चीत मागं रेलून म्हणाले, आणि शाळेच्या खोलीतले सगळे पुरुष हसले. चिकोडीहून आलेला कारकून हसला. दारातला पोलीस हसला. ज्यांना मत द्यायला मी मळ्यातलं काम टाकून आले होते, ते गुरुजीसुद्धा मान खाली घालून थोडंसं हसले. मी टेबलापुढं उभी. पदर दातात धरलेला. घाम पाठीवरून खाली उतरत होता तो मला कळत होता.

निवडणूक जिल्हा लोकल बोर्डाची होती. बोरगावच्या अलीकडं दूधगंगेच्या काठाला आमचं गाव. तेव्हा ज्याच्या नावावर जमीन, जो सरकारात पुरेसा शेतसारा भरतो, त्यालाच मत. माझ्या बापाला मुलगा नव्हता. मरण्याआधी त्यानं तलाठ्याला घरी बोलावून मळा माझ्या नावावर केला, आणि मला दिलं ते घरजावयाला. त्यामुळं आमच्या घरात मत होतं ते माझं. माझ्या नवऱ्याला नव्हतं. "बायकू सरकारदरबारी, आन मी निस्ता बैलांचा धनी," असं ते चेष्टेनं म्हणायचे. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. माणूस तसा मोकळा होता.

माझ्या नवऱ्याचं नाव रामचंद्र. आज लिहिताना हात थांबत नाही. तेव्हा जीभ थांबायची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं मी हळदीच्या अंगानं बसले असताना मला आईनं सांगितलं होतं. बारा वर्षं मी ते नाव उच्चारलं नव्हतं. रामाच्या देवळाला मी मारुतीच्या धन्याचं देऊळ म्हणायचे. रामफळाला थोरलं सीताफळ. कुणी राम राम घातला तर "व्हय व्हय" म्हणून पुढं जायचे. गल्लीतल्या बायका हसायच्या, पण त्यांचीही गत तीच होती. कुणी सोमवार म्हणत नव्हती, कुणी गुळाला गूळ म्हणत नव्हती.

आणि गुरुजींचं नावही रामचंद्रच.

गुरुजी आमच्या गावच्या शाळेत होते. शाळा बोर्डाची, पण दरवर्षी शिमग्यापासून मिरगापर्यंत ती इनामदारांच्या तंबाखूची वखार व्हायची. इनामदार, म्हणजे सर्जेराव सरकार, बोर्डावर कैक वर्षं निवडून येत होते. निपाणीत भाव चढेपर्यंत त्यांच्या तंबाखूची बोदं, म्हणजे माणसाएवढाल्या गोण्या, छतापर्यंत रचलेल्या असायच्या. पोरं बाहेर लिंबाखाली बसायची, ऊन लागलं की घरी जायची. पावसाळ्यात खोली रिकामी झाली तरी तिथली भुकटी जात नव्हती. माझी सगुणा तिसरीत होती. हुशार होती. घरी आली की खोकत बसायची, आणि खोकता खोकता पाढे म्हणायची.

गुरुजींनी वर अर्ज केला. त्यांची बदली झाली पार कणकुंबीला, जंगलात. त्यांनी नोकरी सोडली आणि सरकारांच्या विरोधात उभे राहिले. गावोगाव एकच बोलणं: बोदं बाहेर, पोरं आत. बाकी त्यांना काही बोलता येत नव्हतं. मला तेवढं पुरेसं होतं. मत म्हणजे काय ते मला नीट ठाऊक नव्हतं, पण सगुणा शाळेत आत बसेल एवढं ठाऊक होतं.

मत त्याच शाळेत होतं. बोदं त्या दिवसापुरती एका भिंतीला सरकवली होती. कारकून कानडी. "हेसरू?" म्हणाला, मग मराठीत म्हणाला, "नाव सांगा." मी माझं सांगितलं. त्यानं यादीत खूण केली. मग विचारलं, "वाचता येतं?"

"न्हाय."

"मग तोंडानं सांगा. मत कुणाला?"

न वाचणाऱ्याचं मत असंच असायचं. तुम्ही बोलायचं, कारकुनानं कागदावर खूण करायची. दोन्ही बाजूंची माणसं कान टवकारून बसलेली. सरकारांच्या बाजूनं त्यांचा पुतण्या बसला होता, तेच धाकटे सरकार. दुसऱ्या बाजूला स्वतः गुरुजी.

मी म्हटलं, "गुरुजीस्नी."

"गुरुजी असं नाव कागदावर नाही. नाव सांगा."

मी बोट केलं. "ते काय, बसल्यात की."

"बोट दाखवून मत होत नाही, बाई."

आडनाव सांगितलं असतं तरी चाललं असतं म्हणे. मला ते माहीत नव्हतं. गावात गुरुजींना आडनाव कोण विचारतं? मी दाराकडं बघितलं. नवरा दोरीपलीकडं उभा होता. त्यांना मत नाही, म्हणून आत येता येत नव्हतं. एरवी बाईच्या नवऱ्याचं नाव शेजारचं कुणीतरी सांगून मोकळं होतं. सगुणा असती तरी तिनं सांगितलं असतं. इथं दुसऱ्यानं बोलायचं नाही, असा कायदा.

धाकट्या सरकारांच्या ध्यानात आलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरं, गुरुजी आन आमचं दाजी एकाच नावाचं! आक्का नाव कसं घेनार?" आणि मग ते उखाण्याचं बोलले.

उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. ते बायकांत. हळदीकुंकवाला, बारशाला, पदराआड हसत. परक्या वीस पुरुषांपुढं, पोलिसापुढं नाही. पण कारकूनही म्हणाला, "घ्या घ्या, लवकर घ्या, मागं माणसं खोळंबलीत."

मी सुरू केलं. "दूधगंगेच्या काठाला हिरवा हिरवा मळा..."

"मोठ्यानं!" कुणीतरी म्हणालं.

"दूधगंगेच्या काठाला..."

"लाजतीया बघा!"

पुढचं आलंच नाही. नाव जिभेच्या टोकाशी होतं आणि सगळे ते बाहेर यायची वाट बघत होते, तमाशाला बसल्यासारखे. गुरुजी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात धाकटे सरकार अगदी मायेनं, लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "आक्का, दुसरं नाव सोपं हाय की. सर्जेराव. म्हना बघू."

मला तिथून जायचं होतं. एवढंच हवं होतं. मी म्हटलं, "सर्जेराव."

कारकुनानं खूण केली. कागद पेटीत गेला.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "का गं, एवढा दंगा कशाचा? कुणाला घातलंस?"

"गुरुजीस्नी," मी म्हटलं.

नवऱ्याशी खोटं बोलण्याची ती माझी पहिली वेळ. ते खुशीत होते. वाटेत सगुणा भेटली, तिला म्हणाले, "तुज्या आईनं मत घातलं बघ तुज्या शाळंसाठी." पोरीनं माझा हात धरला. तिचा हात हातात घेऊन मी घरापर्यंत कशी चालले, ते माझं मला ठाऊक.

निकाल चिकोडीच्या कचेरीत लागला. सरकार निवडून आले. सात मतांनी. गुरुजी सात मतांनी पडले, हे कळलं तेव्हा मी चुलीपुढं होते. माझ्या एका मतानं सगळं घडलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सातातलं एक मत कसं गेलं, ते मला माहीत होतं. उरलेल्यांचं त्यांनी बघावं. भाकरी करपली आणि आई ओरडली, तेव्हा मी भानावर आले.

दुपारी मिरवणूक आली. हलगी, गुलाल, बैलगाड्या. आमच्या दारात येऊन थांबली. धाकटे सरकार गाडीतून उतरले. त्यांच्या हातात नारळ आणि जरीकाठी खण होता. सगळी गल्ली बघत होती. नवरा उंबऱ्यात उभा होता, सगुणा त्यांच्या मागं.

"आक्का," ते मोठ्यानं म्हणाले, "तुमचं मत आमाला पडलं. आमी इसरनार न्हाई." आणि नवऱ्याकडं वळून डोळे मिचकावले. "दाजी, तुमच्या नावापरास आमच्या काकांचं नाव गोड लागलं बघा आक्काला."

लोक हसले. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. समजत नसल्यासारखं बघितलं. सगुणानं बापाच्या मागून डोकं काढलं आणि विचारलं, "आई, तू गुरुजीस्नी घातलंतंस न्हवं?"

त्या पोरीचा तो प्रश्न. अजून कानात आहे.

मी पुढं झाले. नारळ आणि खण त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्याच गाडीत परत ठेवला. मग तोंडावरचा पदर काढला.

"माजं मत रामचंद्र गुरुजीस्नी हुतं," मी म्हटलं. "रामचंद्र. परत म्हनते, ऐका. रामचंद्र. माज्या नवऱ्याचं नाव बी त्येच हाय. त्या दिवशी तुमी हसलासा म्हनून माजी जीभ वळली न्हाई. आज वळली."

हलगी थांबली. आईनं घरातून "अगं, जीभ झडंल तुजी!" म्हणून हंबरडा फोडला. बायकांनी तोंडाला पदर लावले. धाकट्या सरकारांचं हसू गेलं, पण क्षणभरच. गाडीत चढता चढता ते म्हणाले, "आता म्हनून काय उपेग, आक्का? पेटी उघडली की."

खरं होतं ते. हलगी पुन्हा सुरू झाली. मिरवणूक पुढं गेली. आमच्या अंगणात गुलाल तेवढा राहिला.

महिन्याभरात नवरा गाडीवरून पडला आणि पाय मोडला. झालं. गावाला पाहिजेच होतं. नाव घेतलं म्हणून पाय गेला. आई तर माझ्याशी बोलेना. नवरा खाटेवर पडून, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, मला म्हणाले, "आनि एकदा घे की नाव. बगू दुसरा मोडतोय का." मी घेतलं. दुसरा पाय जाग्यावर राहिला. आम्ही दोघं हसलो, आणि मग मला रडू आलं. मी सगळं सांगितलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मी बी कदी म्हनालो न्हाई तुला, घे माजं नाव. चुकलंच माजं."

गुरुजी एकदा भेटायला आले. म्हणाले, "मला बोलता आलं असतं, ती मलाच म्हणतेय म्हणून. पण कायदा." मी त्यांना चहा दिला. चांगला माणूस. पण ते हसले होते, ते मी विसरले नाही.

शिमग्याला बोदं पुन्हा शाळेत आली. सगुणाची चौथी पुरी झाली नाही. ती घरीच माझ्यासोबत तंबाखूची पानं खुडायला लागली. दुपारी राखेत बोटानं अक्षरं काढून मला शिकवायची. मी लिहिलेला पहिला शब्द रामचंद्र. त्यातला द्र मला पंधरा दिवस जमत नव्हता. नंतर तिचं लग्न झालं. पंधरावं सरलं नव्हतं. मला नको होतं, पण आई आणि भावकी यांच्यापुढं माझं चाललं नाही. तेही लिहून ठेवते. एकदा नाव घेतलं म्हणून बाई सगळ्या ठिकाणी जिंकत नाही.

मागच्या दिवाळीला सगुणा माहेरी आली. बोलता बोलता म्हणाली, "पोराचं बाप म्हनत हुतं..."

मी हातातलं काम ठेवलं. "कोन म्हनत हुतं?"

"आई, असं काय गं..."

ज्या पोरीनं मला अक्षरं शिकवली, तिच्या तोंडाला माझ्याच आईचं कुलूप लागलं होतं. मला तिचा राग आला, माझा जास्त आला. तिला नाव घ्यायला लावलं. ती घामाघूम झाली, आणि शेवटी बोलली. नातू पाळण्यात होता. काही झालं नाही.

आता बातमी आहे की इंग्रज चालला. निपाणीच्या बाजारात पेपर वाचून सांगतात की पुढं सगळ्यांना मत येणार. जमीन असो नसो, बाई असो बाप्या असो. गावात धाकटे सरकार आतापासून सगळ्यांना राम राम घालत फिरतात. काका थकले. या खेपेला धाकटे स्वतः उभे राहणार म्हणे.

तेव्हापासून दुपारी आमच्या अंगणात पानं खुडायला दहा-बारा बायका बसतात, आणि मी एकेकीला नाव घ्यायला लावते. आधी नवऱ्याचं. मग सासऱ्याचं. उखाणा नाही, साधं नाव, जसं गुरांना हाक मारतो तसं. कुणी हसते, कुणी पदर चावते. शेजारच्या कोंडाबाईची सून चार दिवस रडली. तिचा नवरा येऊन मला शिव्या देऊन गेला. मी त्यालाही नावानं हाक मारली आणि म्हटलं, बस, च्या घे. पाचव्या दिवशी ती बोलली. बारीक आवाजात, पण बोलली. उरल्यात तिघी. त्या बोलेपर्यंत मी कुणाला सोडणार नाही. अक्षरंही शिकवतेय, पण अक्षराला वेळ लागतो आणि मत थांबणार नाही.

मतं त्याच शाळेत पडतील. भिंतीला बोदं असतील. मी कागद माझ्या हातात मागून घेईन आणि खूण मी करीन. माझ्यामागं या बायका असतील. आणि त्यांतल्या एकीला जरी कुणी खुर्चीत रेलून उखाणा घ्या म्हणालं, तर ती आधी त्याचं नाव घेईल, मग त्याच्या बापाचं घेईल, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेल: याला नाही.