चाकूच्या पाठीवरचा हूक

खंडेनवमीला आमच्याकडे पाट मांडला जायचा. माझे मालक तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. त्यांचा गोणी ओढायचा हूक, माझी विळी, तराजू, वजनं, जे जे वर्षभर हाताखाली राबलं ते सगळं धुऊन त्या पाटावर ठेवायचं. हळदकुंकू लावायचं, एकेक झेंडू वाहायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. म्हणजे त्या दिवशी भाजीसुद्धा विळीवर चिरायची नाही. हत्यारांना वर्षातून एक दिवस सुट्टी. हे मला लहानपणापासून पटायचं.

एका वर्षी त्या पाटावर एक लाल चाकू येऊन बसला.

माझा धाकटा भाऊ दुबईला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. त्यानं तो आपल्या दाजींसाठी आणला. मिटायचा चाकू, पण त्याच्या पोटात दोन पाती, कात्री, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, दाभण, चिमटा, दात कोरायची काडी, असं बरंच काही दडलेलं. पाठीला एक पिळाची तार होती आणि तिच्या शेजारी एक बोटाच्या पेराएवढा वाकडा हूक. सोबतच्या कागदावर मुंगीएवढी परदेशी अक्षरं. भावानं किंमत सांगितली तेव्हा मी म्हटलं, "एवढ्यात मिक्सर आला असता."

"आक्का, मिक्सर खिशात मावत नाही," तो म्हणाला.

मालकांनी तो खिशात घातलाच नाही. खोक्यात घालून लोखंडी कपाटात ठेवला. आल्या-गेल्याला काढून दाखवायचे, पण धारेला बोट लावू द्यायचे नाहीत. बाजारात सुतळी कापायला ते करवतीच्या तुटक्या पात्याला चिंधी गुंडाळून वापरायचे. मी विचारलं, मग हा कशाला? ते म्हणाले, "आमच्या हमालांच्या टोळीत नेला तर चार हातांत फिरेल आणि पाचव्याच्या खिशात जाईल." यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षांत दाखवायला नवं माणूस उरलं नाही. मग तो फक्त खंडेनवमीला बाहेर यायचा, झेंडू घ्यायचा आणि परत आत जायचा.

तिसऱ्या वर्षी फूल वाहताना माझा हात थांबला.

"याला कशाबद्दल?"

"हत्यार आहे," मालक म्हणाले.

"केलंय काय यानं?"

"पूजेच्या वेळी डोकं खाऊ नकोस."

मी फूल वाहिलं. पण हुकाशेजारी तो चाकू बघून मला कसंतरीच झालं. हुकाची मूठ घामानं काळी पडलेली, टोक घासून चकाकणारं. हा आपला जावयासारखा बसलेला. एवढी किंमत कशाची घेतात, हे मला बघायचं होतं. कपाटात ठेवून ते कळणार नव्हतं. दसरा झाल्यावर मी चाकू काढला, माझ्या कमरेच्या बटव्यात टाकला आणि खोकं हलकं लागू नये म्हणून त्यात तराजूचं शंभर ग्रॅमचं वजन घातलं. पुढच्या खंडेनवमीच्या आधी धुऊन पुसून परत ठेवायचा, असं ठरवलं.

मी नेरूळ स्टेशनजवळ रोज दुपारी चारपासून गोणपाट अंथरून बसायचे. लिंबू, आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, आणि कापून देण्यासाठी लाल भोपळा नि सुरण. माझ्या उजव्या हाताला सारसोळ्याची एक कोळीण बसायची. तिनं पहिल्याच दिवशी चाकू पाहिला.

"यो कोनाचा गो?"

"नवऱ्याचा."

"त्याला ठाव हाय?"

"नाही."

"मंग तुजा नाय, चोरीचा हाय."

बघायला म्हणून मी तो तिच्यापुढे धरला, तर तिनं हात मागे घेतला. "हातान नको देव. खाली ठेव. भांडन व्हईल." आमच्याकडेही चाकू-कात्री हातातून हातात देत नाहीत. मीच विसरले होते. मी खाली ठेवला, तिनं उचलला, एकेक पातं उघडलं आणि मिटताना नख चेमटवून घेतलं.

भोपळ्याला तो काही कामाचा नव्हता. पातं भोपळ्याच्या अर्ध्या गरापर्यंतही पोचत नसे, तिथं माझा बाजारातला लांब सुराच बरा. पण आल्याची बोटं तोडायला, कोथिंबिरीची मुळं छाटायला, लसणाच्या गोणीची शिवण उसवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. माझ्या सुऱ्याला दोन दिवसांआड दगड लागायचा. याला महिनाभर लागला नाही. बोटानं मी रोज धार बघायचे आणि रोज मला नवल वाटायचं. लोखंडात एवढा फरक असतो, हे मला माहीत नव्हतं.

पण एक कटकट किमतीबरोबर येते. सुरा मी गोणपाटावर टाकून चहा प्यायला जायचे. चाकू टाकून जाता येत नव्हतं. दर घटकेला हात कमरेकडे जायचा, आहे ना, आहे ना. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना बटवा उघडायचा तरी मी चाकूवर बोट ठेवून उघडायचे. पहिला महिना मी चाकू वापरत होते की राखत होते, सांगता येणार नाही. मग एक दिवस ध्यानात आलं, की संध्याकाळभर हात कमरेकडे गेला नाही. त्या दिवसापासून तो खरा माझ्या उपयोगाला आला.

लोकांना कळलं. एक बाई चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला थांबली. आवळून झाल्यावर "थँक्यू हं मावशी" म्हणून गेली, लिंबंसुद्धा घेतली नाहीत. पिळाची तार कशाची, ते मला दोन महिन्यांनी कळलं. भिजलेल्या सुतळीची गाठ आवळून बसली की ती तार गाठीत पिळायची आणि ओढायची. गाठ सुटते, नखं वाचतात. ती कशासाठी केली असेल ते करणाऱ्याला माहीत. माझ्याकडे ती गाठी सोडायची.

राहिला तो वाकडा हूक. त्याचं काही केल्या कळेना. कोळीण म्हणाली, "माशाचे कल्ले वडायचे असतील." एका बांगड्यावर करून पाहिलं, कल्ला फाटला. बुटाची नाडी ओढायचा असेल, असं मला वाटलं, पण आमच्या घरी नाडीचे बूट कुणाचेच नव्हते. रिकामी बसले की मी तो उघडायचे आणि मिटायचे.

उन्हाळ्यात एकदा कोळणीची बर्फाची लादी पेटीच्या तळाशी घट्ट चिकटली. तिचा बर्फ फोडायचा टोच्या घरी राहिला होता. वर पापलेटं उन्हात, आणि ती रडकुंडीला आलेली. मी चाकूचं मोठं पातं फटीत खुपसलं आणि पिळलं. बर्फ सुटला. पात्याचं टोकही सुटलं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"माजा कोयता घे, बदल्यान," ती म्हणाली.

"तुझा कोयता कपाटात ठेवून काय करू? मालकांना काय सांगू, चाकू वाढला?"

तिला हसू आवरेना. मग तिनंच चाकू घेतला, फुटपाथच्या दगडावर पाणी ओतून मोडलेली बाजू घासली आणि गोल करून दिली. कापण्यात काही फरक पडला नाही. पण जो बघेल त्याला टोक गेलेलं दिसणारच होतं.

मालक मला मारणाऱ्यातले नव्हते. ते बोलणं बंद करायचे. एकदा त्यांचा रेडिओ माझ्या हातून पडला, तर पंधरा दिवस घरात भांड्यांचाच आवाज. शिवाय त्याच वर्षी भावाचं पत्र आलं, दसऱ्याला येतो. पत्र वाचून झाल्यावर मालक म्हणाले, "पाव्हण्यांना चाकू दाखवू. कसा जपलाय बघा म्हणावं."

हरवला म्हणून सांगता आलं असतं, खोक्यात गुपचूप परत ठेवता आला असता. पण हरवला म्हटलं तर तो मला पुन्हा वापरता येणार नव्हता. आणि खोक्यात ठेवला तर भावासमोर उघडल्यावर मालकांचंच तोंड पडलं असतं. मला हे दोन्ही नको होतं.

खंडेनवमीला सकाळी भाऊ आला. आधी गावी जाऊन आलेला, तिथून साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा मोठा खोका आणलेला, सुतळीनं आडवा-उभा बांधलेला. मालक आंघोळ करत होते तेवढ्यात मी पाट मांडला आणि चाकू धुऊन हुकाशेजारी ठेवला. मालक आले ते सरळ कपाटाकडे गेले आणि खोकं घेऊन भावासमोर बसले.

"बघा पाव्हणं, नवाच्या नवा."

खोक्यातून शंभर ग्रॅमचं वजन निघालं.

मालकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि खोक्यात परत टाकलं. मग माझ्याकडे बघितलं.

"चाकू कुठाय?"

"पाटावर."

मालक उठले, पाटापुढे बसले, पण चाकू उचलेनात. भावानंच उचलला. लाल रंग कडांना उडालेला, मूठ आल्याच्या रसानं डागाळलेली. त्यानं पातं उघडलं.

"दाजी, टोक कशानं गेलं?"

मालकांचे कान तांबडे झाले. "कामात गेलं," ते म्हणाले.

"कुणाच्या कामात?" मी म्हटलं. "माझ्या. मासेवालीचा बर्फ फोडताना. वर्षभर रोज मीच वापरला. ह्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं."

भाऊ खो खो हसला. मालक हसले नाहीत. "कुणाला विचारून?" एवढंच म्हणाले.

"विचारलं असतं तर दिला असता का?"

आता पंधरा दिवस भांड्यांचा आवाज, हे मी धरून चालले.

भाऊ एकेक पातं उघडत होता. "आक्का, ही तार बाटलीचं बूच काढायची. पण हा हूक कशाचा, ते मला त्या दुकानदारालाही सांगता आलं नाही. तुला कळलं?"

"नाही. सगळं करून बघितलं."

"खाली ठेवा," मालक म्हणाले.

भावानं चाकू जमिनीवर ठेवला. मालकांनी तो उचलला. चाकू घरात आल्यापासून त्या हुकाकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नसावं. त्यांनी तो उघडला, अंगठ्यानं चाचपला, मूठ आडवी मुठीत धरून पाहिली. मग पेढ्यांच्या खोक्याकडे गेले, सुतळीच्या फुलीखाली हूक अडकवला आणि खोका उचलला. चाकूची मूठ बोटांत आणि ओझं हुकाला. सुतळी बोटाला कुठंच रुतत नव्हती.

"ओझ्याचा आहे," ते म्हणाले. "एवढं कळेना तुम्हा दोघांना?"

तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? त्यांनी खोका दोनदा खाली ठेवला आणि दोनदा उचलला. मग चाकू पुसून पाटावर आपल्या हुकाशेजारी ठेवला आणि मला म्हणाले, "फूल घाल." मी झेंडू घातला. या वेळी काही विचारलं नाही.

पूजा झाल्यावर कशालाही हात लावायचा नव्हता. पेढ्यांची सुतळी भावाला दातांनी सोडवावी लागली.

दसऱ्यानंतर मालक कामावर गेले आणि मी पाटाकडे पाहिलं तर चाकू नव्हता. मला वाटलं, गेला परत कपाटात. खोकं उघडलं, तर आत माझं वजन तसंच होतं. दुपारी दोनला ते आले, हातपाय धुतले आणि चाकू स्टोव्हजवळ फरशीवर ठेवला.

"सुतळी बरी कापतो," ते म्हणाले. "टोक असतं तर शिवण उसवायलाही बरा पडला असता."

"छोट्या पात्यानं उसवायची. त्याला टोक आहे."

"हं."

मी चाकू उचलून बटव्यात टाकला. पुढं तो पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांच्याकडे आणि चारपासून माझ्याकडे असे. टोळीतल्या चार हातांत तो फिरला, पाचव्याच्या खिशातही एकदा गेला आणि तिसऱ्या दिवशी मालक तो मागून घेऊन आले. वजन मी खोक्यातून काढून तराजूला परत लावलं. खोक्यात सुया आणि दोऱ्याची रिळं ठेवली.