पुसलेले अडतीस रस्ते

वारज्याच्या रंगनाथ आप्पांना कुणी रस्ता विचारला की ते आधी विचारणाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे. मग म्हणायचे, "नवीन दिसताय." सूर असा, की समोरच्याला नवीन असल्याची लाज वाटावी. त्यात आप्पांची तरी काय चूक म्हणा! सत्तर वर्षं एका जागी काढलेला माणूस. बापाबरोबर याच मातीत नांगर धरला, पुढं जमीन बिल्डरला दिली, गाई गेल्या, इमारती आल्या आणि आप्पा स्वतःच्या बंगल्याच्या ओट्यावर बसून जगाला रस्ते सांगू लागले. ज्याला रस्ता ठाऊक नाही तो अडाणी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आणि अशा माणसाच्या नशिबी सून कोण यावी? तर नम्रता! यवतमाळकडची मुलगी, फिजिओथेरपी शिकायला पुण्यात आली, आप्पांच्या विक्रमशी लग्न करून वारज्याचीच झाली. गुणाची, कष्टाची, बोलायला गोड. पण दिशेचं भान शून्य. गेलेला रस्ता तिच्या डोक्यात राहायचाच नाही. दहा वेळा पायाखालची गल्ली अकराव्यांदा परकी. लहानपणापासून तसंच होतं. एका डॉक्टरांनी त्याला कसलंसं लांबलचक नावही सांगितलं होतं. लग्नानंतर चौथ्याच दिवशी ती कोथिंबीर आणायला गेली आणि तासाभरानं रिक्षातून परत आली. हा किस्सा आप्पांनी भावकीतल्या एकूण एक लग्नात सांगितला. माणसं पोट धरून हसायची. नम्रताही हसायची, म्हणून आप्पांना वाटायचं, पोरीला त्याचं काही वाटत नाही.

आता गंमत बघा. या बाईनं काम कुठलं निवडावं? घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम देण्याचं! कुणाला पक्षाघात झालेला, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणी दोन वर्षं पलंगावरून उठलेलं नाही. वारजे, कोथरूड, शनिवार पेठ, जिथून बोलावणं येईल तिथं ही मोटारसायकल काढून जायची. आप्पा म्हणाले होते, "ही माणसाला चालायला शिकवणार, आन् हिला कुटं चालायचं ते कोण शिकवणार?"

शिकवलं कुणीच नाही. तिनं स्वतःच तोड काढली. गाडीच्या हँडलवर तिनं रस्ता दाखवणारं एक यंत्र बसवून घेतलं, पावसात भिजलं तरी चालणारं, हातमोजे घालूनही दाबता येणारं. आप्पांनी विचारलं, फोनमध्ये फुकट मिळतं ते सोडून हे खूळ कशाला? तर म्हणाली, "आप्पा, फोन आज इकडून नेतो, उद्या गर्दी दिसली की तिकडून. मला रोज तोच रस्ता लागतो. तीच वळणं, तीच दुकानं. आणि फोन सोसायटीच्या मागच्या भिंतीशी नेऊन म्हणतो, पोचलात!"

म्हणून नवीन रुग्ण आला की ती आधी एकदा रिकामी जाऊन यायची. वळणाच्या थोडं अलीकडं थांबायची आणि यंत्रात खूण करायची. नेमक्या वळणावर खूण केली तर यंत्र बोलेपर्यंत वळण निघून जातं. दोन खुणांमध्ये फार अंतर ठेवायचं नाही. यंत्राला मोकळं सोडलं की ते स्वतःचं शहाणपण चालवतं आणि मधला रस्ता बदलून टाकतं. असे एकेका घराचे रस्ते तिनं नखाएवढ्या मेमरी कार्डात साठवले होते. दर शनिवारी दुपारी ती कार्ड काढून लॅपटॉपला लावायची आणि घर आवरावं तसं आवरायची. सोमवारचे रस्ते सोमवारच्या कप्प्यात, मंगळवारचे मंगळवारच्या. कुठं खोदकाम निघालं असलं की तिथल्या खुणा बदलायच्या. चालू रुग्ण अडतीस. शिवाय एक कप्पा होता, त्याचं नाव 'बरे झाले'. त्यात एकशे बारा रस्ते होते, आणि ते ती कधीच पुसत नसे. म्हणायची, म्हातारी माणसं आहेत, पुन्हा पडतात.

नऊ वर्षं हे असं चाललं होतं. आप्पा ओट्यावरून बघायचे आणि मान हलवायचे.

मग त्या शनिवारी घात झाला. नम्रतानं कार्ड काढून टीव्हीजवळच्या डबीत ठेवलं आणि ती जेवायला बसली. विक्रमनं मागच्या आठवड्यात आप्पांसाठी तसलंच एक कार्ड आणलं होतं, फोनमध्ये भजनं भरून घ्यायला. ते होतं कपाटात. आप्पांनी उचललं डबीतलं आणि गेले नाक्यावर आनंदच्या मोबाईलच्या दुकानात.

आनंदनं कार्ड लावलं, पडद्याकडं बघितलं. "आप्पा, ह्यात काहीतरी फायली दिसतायत. ठेवू का?"

"माझ्या कार्डात कसल्या फायली? मी काय तहसीलदार हाय? पूस सगळं."

"बघा हं, एकदा पुसलं की—"

"अरे पूस म्हन्तो ना!"

आनंदनं पुसलं. त्यावर नऊशे भजनं भरली. आप्पा टाळ वाजवत असल्यासारखे डुलत घरी आले.

घरी नम्रता डबी उपडी करून बघत होती. टेबलाखाली वाकून बघत होती. फरशीवरून हात फिरवत होती. आप्पांच्या खिशात फोन गात होता, आणि त्याच क्षणी आप्पांना कळलं, ते कार्ड कुणाचं होतं. माणूस मोठा तोऱ्याचा, पण खोटा नाही. तरी पाच मिनिटं टाळलं बरं का! ओट्यावर गेले, परत आले, पाणी प्यायले. शेवटी त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनीच विचारलं, "अहो, तुमच्या फोनात घातलंत ते कार्ड कुठलं?"

मग सांगावंच लागलं. पूस म्हणालो, हेही सांगितलं.

नम्रतानं आरडाओरडा केला असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "त्यावर दुसरं भरलंय?"

"नऊशे भजनं."

"मग आता काही परत येणार नाही." ती खाली फरशीवरच बसली. रस्त्यांची एक नक्कल विक्रमच्या जुन्या लॅपटॉपवर होती, पण त्यानं नोकरी बदलली तेव्हा तो लॅपटॉप कंपनीकडं परत गेला होता. नवी नक्कल करू करू म्हणताना राहून गेली होती. "अडतीस मी पुन्हा करीन, आप्पा. 'बरे झाले'मधले मात्र गेले. ते उघडून बघितले की उगाच बरं वाटायचं."

आणि सोमवारचं काय? सोमवारी नऊ घरं होती, आणि पहिलं सकाळी सातचं, तुळजाबाईंचं. अर्धं अंग गेलेली बाई. घरात मुलगा संपत एकटाच, साडेसातला त्याची कारखान्याची बस. तो आणि नम्रता मिळून तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचे. एकट्याला ते झेपत नसे. नम्रता साडेसातनंतर पोचली, तर ती बाई संध्याकाळपर्यंत पलंगावरच. तीन महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं.

"तुळजाबाई? गेनबाच्या मळ्यामागं राहणारी?" आप्पांना एकदम हुरूप आला. "अगं, आपल्याच जुन्या वावराला लागून! तू चिंता करू नको. उद्या रविवार हाय. मी मागं बसतो, तू खुणा कर. डोळं झाकून नेतो तुला."

रविवारी सकाळी दोघं निघाले. आप्पा मागं, डोक्याला हेल्मेट, हातात पत्त्यांची वही. "सोप्यापासून सुरुवात करू," म्हणाले. "घे डावीकडं. आता ओढा लागंल."

ओढा लागला नाही. ओढ्यावर केव्हाच स्लॅब पडला होता आणि वर गाड्या उभ्या होत्या. मग चिंच यायची होती, ती आली नाही. बैलगाडीच्या वाटेनं सरळ म्हणून आप्पांनी जिथं नेलं, तिथं समोर वीस फूट उंच भिंत. उजवीकडून गेले, तिथं दुसऱ्या सोसायटीचं बंद फाटक. मागं वळले, पुन्हा तीच भिंत. आप्पा उतरले. इथं त्यांचं वावर होतं. इथंच कुठंतरी विहीर होती, तिच्यात त्यांच्या बापानं त्यांना पोहायला शिकवलं होतं. कुठं? या इमारतीखाली, का त्या? उंच इमारतींआड सूर्य दडला होता, उगवतीचाही अदमास लागेना. आप्पांनी हातातली वही उलटसुलट करून बघितली. स्वतःच्या वावरात उभा असलेला माणूस, आणि आपण कुठं आहोत हे त्याला सांगता येईना.

भाजीची पिशवी घेऊन एक बाई चालली होती. आप्पांकडं बघून म्हणाली, "नवीन दिसताय इकडं."

आप्पांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

नम्रतानं गाडी बंद केली, स्टँडवर लावली. "आप्पा, इथं सावलीत बसा. पाणी घ्या आधी." तिचा आवाज रुग्णाशी बोलावं तसा शांत होता. "हरवल्यावर गाडी चालवत राहायचं नाही. त्यानं माणूस आणखी हरवतो. थांबायचं, पाणी प्यायचं, छातीची धडधड कमी होऊ द्यायची. मग विचारायचं, तेही बाईलाच. पुरुषांना माहीत नसलं तरी ते हात करून सांगतात."

टोमणा बसला, पण आप्पांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "तुला असं रोज होतं?"

"रोज."

"रोज म्हंजे? आपल्या घरापाशीसुद्धा?"

"फाटकाबाहेर पडले की लगेच," ती म्हणाली. "यंत्र असलं तरी होतंच, आप्पा. हे असंच, तुम्हाला आत्ता झालं तसं. सवय कधी झालीच नाही. फक्त काय करायचं ते माहीत झालंय."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. नऊ वर्षं ही पोर घरातून बाहेर पडत होती, रोज हे पोटात घेऊन. दुसऱ्याच्या आईला पलंगावरून उठवायला! आणि आपण ओट्यावर बसून, दोन शेतं आणि एक ओढा पाठ असल्याच्या जोरावर, हिला हसत होतो. आप्पांना मनापासून लाज वाटली, आणि लाजेबरोबरच तिचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. ते पुसायला हेल्मेटची काच मध्ये आली.

नम्रतानं त्या पिशवीवाल्या बाईला गाठून विचारलं, तिनंच वाट दाखवली. भिंतीच्या टोकाला एक अरुंद बोळ होता, आतून वळसा घालून तुळजाबाईंच्या दारात जाणारा. दोन किलोमीटरला सव्वा तास लागला होता. नम्रता पुन्हा मागं, थेट घरापर्यंत गेली आणि तिथून नव्यानं सुरुवात केली. प्रत्येक वळणाच्या अलीकडं थांबली. आप्पा खाली उतरून पावलं मोजायचे आणि ओरडायचे, "आणखी धा पावलं मागं घे, हितून दिसत न्हाई!" आता हुकूम सोडायची हौस गेली होती, ती सांगेल तिथं उभे राहत होते.

दिवसभरात उरलेली आठ घरं झाली. शनिवार पेठेत एका गृहस्थांना नंबर विचारला तर ते म्हणाले, "पाटी वाचण्यासाठीच लावलेली असते." एरवी आप्पा भांडले असते. त्यांनी मुकाट्यानं पाटी वाचली. संध्याकाळी नम्रतानं ते नऊ रस्ते कार्डात टाकले, सोमवारच्या कप्प्यात एकाखाली एक लावले आणि दुसरी नक्कल करून आप्पांच्याच हाती दिली. म्हणाली, कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडंच राहू दे. मंगळवारची घरं सोमवारी संध्याकाळी, बुधवारची मंगळवारी, असं ठरलं.

सोमवारी साडेसहाला ती निघाली. आप्पा हेल्मेट घेऊन फाटकात उभे. "येऊ का मागं?"

"नको आप्पा. रस्ता बरोबर झालाय का, ते एकटीनं गेल्याशिवाय कळायचं नाही."

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. आप्पा ओट्यावर बसले, उठले. चहा निवला. पावणेसात झाले. त्यांना ती भिंत दिसू लागली, बोळाचं तोंड दिसू लागलं. तिथली खूण आपण दहा पावलं मागं घेतली, ती जास्त तर मागं गेली नाही ना? सात वाजायला पाच कमी असताना फोन वाजला.

"पोचले, आप्पा. तुळजाबाई खुर्चीत बसल्यात."

आप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. आत वळून ते ओरडले, "अगं, पोचली! ऐकलंस का? पोचली ती!"

मालनबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नऊ वर्षं रोज पोचतीया ती," त्या म्हणाल्या. "तुमी वाट आज बघितलीत."